दुधातला एक आणा

दिवाळीचा पहिला दिवा आपण गाईपुढे लावतो. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, घरोघरच्या बायका सवत्स धेनूची पूजा करतात आणि कित्येक जणी त्या दिवशी दूध-तुपाला शिवत नाहीत. लहानपणी मी आईला विचारले होते, "आजच का नाही प्यायचं?" आई म्हणाली, "आजचं दूध वासराचं." उत्तर तीन शब्दांचे होते, पण त्यात एक सबंध न्यायशास्त्र होते, हे कळावयास मला डॉक्टरकीची तीस वर्षे घालवावी लागली.

वाचकहो, सणासुदीच्या अंकात फराळाचे ताट पुढे असताना कुणी दुधात मिठाचा खडा टाकू नये, हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही आज तो मी टाकणार आहे. कारण दुधाविषयी आपल्याकडे एक तर आरती म्हणतात, नाही तर शिव्या देतात. विचार मात्र कुणी करीत नाही. आणि या आरती-शिव्यांच्या गदारोळात ज्याच्या हाती पेला यावयास हवा त्या लेकराचा हात रिकामाच राहतो.

मी कन्नडचा. गौताळ्याच्या डोंगररांगांच्या कुशीतला, शिवनेच्या काठचा हा तालुका. इकडे घाट उतरला की चाळीसगाव, तिकडे साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर. कापूस, मका, आले ही आमची पिके, आणि पाऊस रुसला की हाताशी उरणारा एकच रोकडीचा धंदा म्हणजे दूध. माझे वडील म्हशी पाळीत. तेव्हा दुधाला नावे ठेवावयास मी काही परका माणूस नव्हे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पावसाळी सकाळी डोंगराकडच्या एका वस्तीवरून एक आजी दवाखान्यात आल्या. कडेवर दहा महिन्यांचा नातू, पदराला धरून दुसरा सहा वर्षांचा. धाकटा अंगाने गुबगुबीत. पण रंग पाहाल तर कोऱ्या कागदासारखा. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तिथे रक्ताचा लवलेश नाही.

"आजी, लेकरू काय काय खातं?"

"खातं कशाचं, डाक्टरसाहेब? दुधावरच हाय. घरची गाय हाय ना! पाच महिन्यापासून दुसरं काई तोंडाला लावलंच न्हाई त्याच्या."

हे सांगताना आजींच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता! घरात दूध असून नातवाला भाताची पेज चारणे म्हणजे त्यांच्या लेखी दारिद्र्य. मी मोठ्याकडे बोट दाखविले.

"आणि हा?"

"हा च्या पितो. त्याला दूध कुठून आणावं? धाकल्याचं काढून ऱ्हायलं की डेअरीला घालावं लागतं."

धाकट्याच्या रक्तातले हिमोग्लोबिन सहाच्याही खाली निघाले. त्याला मोठ्या इस्पितळात धाडावे लागले, रक्त द्यावे लागले, पोरगा वाचला. मोठ्याला कुणी इस्पितळात धाडले नाही. तो हडकुळा होता, वयापेक्षा चार बोटे ठेंगणा होता. पण ठेंगणेपणासाठी कोण इस्पितळात नेतो? एकाच घरात, एकाच गाईच्या छायेत, एक लेकरू दुधात बुडत होते आणि दुसरे दुधावाचून कोरडे पडत होते. माझा सारा वाद या दोन भावांविषयी आहे.

आधी धाकट्याचा खटला घेऊ. म्हणजे दुधाच्या भक्तांशी बोलू.

दूध हे 'पूर्णान्न' आहे, हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. ते खरे आहे, पण फक्त वासराच्या बाबतीत, आणि तेही काही महिन्यांपुरते. माणसाच्या पोराला पहिले सहा महिने आईचे दूध पुरेसे असते. पाण्याचीसुद्धा गरज नसते. सहा महिने भरले की आईच्या दुधाच्या जोडीला मऊ भात-वरण, कुस्करलेली भाकरी, भाजी, केळे, चालत असल्यास अंडे, असे वरचे अन्न हवेच हवे. गाईच्या लिटरभर दुधात लोह किती? जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. शिवाय तान्ह्याच्या नाजूक आतड्यातून या दुधामुळे नकळत थेंबथेंब रक्त झिरपते, आणि त्यातल्या प्रथिनांचा व क्षारांचा भार त्याच्या मूत्रपिंडांना पेलवत नाही. म्हणून वर्षाच्या आत गाईम्हशीचे दूध हेच मुख्य अन्न करू नये असे बालरोगतज्ज्ञ कंठरवाने सांगतात. आईला दूधच येत नसेल तर डॉक्टरांना विचारावे, शेजारणीला नव्हे. वर्षानंतरही पोट दुधानेच गच्च भरले की पोर भाकरीकडे पाहात नाही, आणि ते गुबगुबीत होत होत पांढरे पडते. आजींचा नातू दुधाच्या अभावाने आजारी पडला नव्हता. दुधाच्या भक्तीने आजारी पडला होता.

या भक्तीतला विरोधाभास तर पाहा. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून आपण आळीभर वाटतो. वेलदोडा घालून, चवीने खातो. आणि घरची सून बाळंत झाली की तिचा चीक मात्र 'जड', 'शिळा' म्हणून पिळून टाकणारी घरे मी या डोळ्यांनी पाहिली आहेत. त्या पिवळसर चिकात बाळाचे पहिले संरक्षण असते. ते मातीत, आणि बाळाच्या जिभेवर मधाचे बोट! गाईचा चीक अमृत आणि आईचा चीक निरुपयोगी, याला गोभक्ती म्हणावयाचे की मातृद्रोह? डब्यातल्या भुकटीचे आईच्या दुधाशी नाते जोडणाऱ्या जाहिरातींना सरकारने १९९२ साली कायदा करून बंदी घातली. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गैरसमजाला कोणत्या कायद्याने बंदी घालावी?

भक्तांचा दुसरा वर्ग म्हणजे 'जितके अधिक तितके चांगले' म्हणणारा. या वर्गात आम्ही डॉक्टरही होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. शिकागोच्या सिपी नावाच्या वैद्याने १९१५ साली पोटातल्या व्रणावर तासातासाला दूध-साय देण्याचा उपचार काढला, आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या डॉक्टरांनी व्रणाच्या रोग्यांना दुधावर ठेवले. क्षणभर जळजळ शमते, पण मागाहून दुधानेच आम्ल अधिक सुटते, हे नंतर ध्यानात आले. सोबत दिल्या जाणाऱ्या क्षारांपायी कित्येकांची मूत्रपिंडे बिघडली. १९८२ साली मार्शल आणि वॉरन यांनी अशा बहुतेक व्रणांमागचा जंतूच शोधून काढला, आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, दुधाचा जयघोष करताना पदवीधरांचीही जीभ घसरते.

मोठ्या माणसांना दूध लागतेच का? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रे दिली त्यांत प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात सुमारे ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. म्हणजे दीड पेला. तेवढ्यातून कॅल्शियमची जवळजवळ एकतृतीयांश गरज भागते, आठ-दहा ग्रॅम उत्तम प्रथिन मिळते, आणि मांस-मच्छी न खाणाऱ्याला इतरत्र सहसा न मिळणारे 'ब-बारा' जीवनसत्त्व मिळते. याहून घागरभर पिऊन घागरभर पुण्य लागत नाही. स्वीडनमध्ये लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे केलेली एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत रोज तीन-तीन पेले पिणाऱ्या बायकांची हाडे कमी मोडल्याचे आढळले नाही, उलट मृत्यूचे प्रमाण अधिक दिसले. ही केवळ पाहणी आहे. दुधानेच तसे झाले हे तिच्यावरून सिद्ध होत नाही, आणि आपले अन्न स्वीडनसारखे नाही. पण 'अधिक म्हणजे चांगले' या समजुतीला तिने धक्का दिला, एवढे खरे. म्हशीचे सहा-सात टक्के स्निग्धांशाचे दूध लोटाभर रिचवून, वर 'हृदयविकार कसा झाला हो?' म्हणून विचारणारे माझे काही वर्गबंधू या पेठेतच आहेत.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. हा पक्ष नवा आहे, शहरी आहे आणि त्याचा आवाज मोठा आहे. त्याच्या मते दूध म्हणजे पांढरे विष. 'कोणता प्राणी मोठेपणी दूध पितो, आणि तेही दुसऱ्याच्या आईचे?' असा त्यांचा बिनतोड सवाल. अहो, कोणता प्राणी भाकरी थापतो? कोणता प्राणी चष्मा लावतो? कोणता प्राणी दिवाळी अंक काढतो? इतर प्राणी करीत नाहीत म्हणून माणसाने करू नये असे ठरविले तर आपल्याला चकलीही सोडावी लागेल.

त्यांच्या म्हणण्यात सत्याचा जो अंश आहे तो मात्र मी लपविणार नाही. दुधातली साखर पचविणारे पाचकद्रव्य बाळपण सरले की जगातल्या बहुसंख्य माणसांत कमी होते. अशा माणसाला दूध पिऊन पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. तो नाटक करीत नसतो. त्याच्या पोटावर 'पी मुकाट्याने!' अशी जबरदस्ती करणे क्रूरपणाचे आहे. पण यालाही उतारा आपल्या आज्यांनी केव्हाच काढून ठेवला आहे. दही लावताना विरजणाचे जंतू त्या साखरेतला काही भाग स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही दही-ताक बहुधा सोसते. शिवाय अशा कित्येकांना जेवणासोबत पेलाभर दूध निमूट पचते. लोटाभर पचत नाही. काहींना दुधातल्या प्रथिनांचेच वावडे असते, विशेषतः तान्ह्यांना. तो प्रकार वेगळा आणि गंभीर, तिथे डॉक्टरचाच सल्ला हवा. बाकी दुधाने सर्दीत कफ वाढतो, दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड उठते, या गोष्टींना प्रयोगांचा आधार सापडलेला नाही.

आणि ज्याला दूध नकोच, त्याने खुशाल सोडावे. नाचणीच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तिळात तर हजाराच्या वर. प्रथिनांसाठी डाळी आहेत, लोहासाठी आमची बाजरी आहे. फक्त 'ब-बारा'ची तजवीज करा. पण ज्याच्या ताटात काजू-बदाम आहेत त्याने दूध सोडणे ही एक निवड आहे. ज्याच्या ताटात कोरडी भाकरी आणि चटणी आहे त्याच्या लेकराला 'दूध विष आहे' असे सांगणे हा अपराध आहे. दोहोंतला भेद ज्यांना दिसत नाही त्यांनी एकदा आमच्या तांड्यावर येऊन जेवावे.

तिसरा पक्ष व्यापाऱ्यांचा. त्यांनी भक्ती आणि भीती दोन्ही बाटलीत भरून विकावयास काढल्या आहेत. 'कच्चे दूध प्या, निसर्गाच्या जवळ जा' असे सांगत डेअरीच्या तिप्पट-चौपट भावाने काचेच्या बाटल्या दारोदार पोहोचतात. कच्च्या दुधाचा इतिहास या मंडळींनी वाचलेला दिसत नाही. माल्टा बेटावरचे ब्रिटिश सैनिक वर्षानुवर्षे चढ-उतारीच्या तापाने झिजत होते. डेव्हिड ब्रूसने १८८७ साली त्या तापाचा जंतू ओळखला. पण तो शरीरात शिरतो कुठून, हे कळावयास १९०५ साल उजाडले. तेव्हा झामिट नावाच्या तिथल्याच डॉक्टराने तो बकऱ्यांच्या रक्तात शोधला आणि वाट सापडली: बकरीचे कच्चे दूध. सैनिकांच्या छावण्यांतून ते बंद होताच ताप ओसरला. तो ताप आपल्याकडेही गुराढोरांत वावरणाऱ्यांना होतो. महिनोन् महिने ताप येतो, सांधे धरतात, आणि रोगी एका दवाखान्यातून दुसऱ्यात हिंडत राहतो. गुरांचा क्षयही कच्च्या दुधातून माणसांत येतो. एक उकळी या दोहोंचा नायनाट करते. पिशवीतले दूध आधीच ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून थंड केलेले असते. ते थंड राखले असेल तर पुन्हा तासभर आटविण्याचे कारण नाही. गवळ्याकडचे दूध मात्र उकळल्याशिवाय लेकराला देऊ नका, मग तो गवळी कितीही देवमाणूस असो.

तीच गोष्ट 'ए-टू' नावाच्या नव्या मंत्राची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही बिरुदे वेष्टनांवरून काढा असे फर्मावले, आणि आठवड्याच्या आत ते फर्मान मागेही घेतले. देशी गाईंच्या दुधात बहुतांशी हा प्रकार असतो हे खरे. पण तो म्हशीच्या दुधातही असतो, आणि त्याच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या चमत्कारांना अजून भक्कम पुरावा नाही. आमच्या मराठवाड्याच्या देवणी आणि लाल कंधारी गाई जगाव्यात असे मलाही वाटते. पण गाय वाचविण्यासाठी खोटे बोलावे लागावे, इतकी ती दुबळी नाही.

दुधात घालावयाच्या चॉकलेटी भुकट्यांबद्दलही तेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने घरपोच माल विकणाऱ्या कंपन्यांना बजावले की ही पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, कारण कायद्यात तसे सदरच नाही. साखर ती साखर. डब्यावरचा मुलगा कितीही उंच उडी मारो.

खरे धोके कुठे आहेत ते आता सांगतो, कारण त्यांच्याविषयी कुणी ओरडत नाही. भेसळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे युरिया आणि धुण्याची भुकटी उभी राहते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा अशी घातक भेसळ बारा नमुन्यांत सापडली. आणि बुरशीपासून उपजणारे 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष मर्यादेबाहेर किती नमुन्यांत? ३६८. प्रतिजैविक औषधांचे अंश ७७ नमुन्यांत. म्हणजे चोर म्हणून आपण ज्याच्या मागे धावतो तो एकटादुकटा, आणि घरात शिरलेला दुसराच!

हे बुरशीचे विष आमच्या कन्नडच्या वाचकाने नीट समजून घ्यावे. परतीच्या पावसात मक्याची कणसे भिजतात. विकण्याजोगा मका बाजारात जातो आणि बुरसटलेला 'जनावराला चालतो' म्हणून दावणीत पडतो. ओल लागलेल्या सरकीच्या पेंडीचे तेच. त्या हिरव्या-पिवळ्या बुरशीचे विष गाईच्या पोटातून रूप पालटून दुधात उतरते, आणि उकळल्याने ते मरत नाही. त्याने यकृताला इजा होते. यावर एकच उपाय आहे, आणि तो स्वयंपाकघरात नाही, गोठ्यात आहे: मका आणि पेंड कोरडी ठेवा, फळ्यांवर रचा, बुरसटलेले उकिरड्यावर टाका. तसेच दगडी झालेल्या गाईला सुई टोचली असेल तर पशुवैद्य सांगेल तितके दिवस तिचे दूध डेअरीला घालू नका, आणि घरीही पिऊ नका. आपल्या गाईचे दूध शहरातल्या अनोळखी लेकराच्या पोटात जाणार आहे. तेही कुणाच्या आईचे लेकरूच आहे.

इथवर धाकट्या भावाचा खटला झाला. आता मोठ्याकडे येतो. कारण माझा खरा राग इथे आहे.

आपल्या देशाने दुधासाठी केवढी बुद्धी खर्चिली! मुंबईला दूध पुरविणाऱ्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ साली आणंदला सहकारी संघ उभारला. १९४९ साली मुंबईत आरे वसाहत निघाली. त्रिभुवनदास पटेल, व्हर्गिस कुरियन आणि आरेचे दारा खुरोडी या तिघांना १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९७० पासून 'दुधाचा महापूर' आला. १९९८ पासून आपण दुधाच्या उत्पादनात जगात पहिले आहोत, आणि २०२३-२४ साली आपले उत्पादन २३ कोटी ९३ लाख टनांवर गेले. माणशी रोजचे ४७१ ग्रॅम! या कर्तबगारीला माझे मनोभावे वंदन. तिने कोट्यवधी घरांत, विशेषतः बायकांच्या हाती, रोकड आणली. पण ४७१ ग्रॅमांची ही सरासरी मी त्या सहा वर्षांच्या पोराला कशी पाजू? सारी योजना एका प्रश्नाभोवती फिरत राहिली: खेड्यातले दूध शहरात कसे न्यावे? खेड्यातल्या पोराला ते कसे द्यावे, हा प्रश्न कुणाच्या कागदावरच नव्हता. महापूर आला खरा. पण पूर उताराकडेच वाहतो, आणि आपल्याकडचा उतार पैशाच्या दिशेने आहे.

पहाटे आमच्या वाड्यावस्त्यांवरून फिरून या. धार निघते, चरवी भरते, चरवीतले कॅनमध्ये जाते, कॅन मोटारसायकलला अडकतो आणि संकलन केंद्राकडे निघतो. 'फॅट किती लागली, डिग्री किती लागली' याची चिंता साऱ्या घराला. पोराचे वजन किती भरले याची कुणाला नाही. त्याच्या पुढ्यात येतो चमचाभर दुधाचा गोड काळा चहा आणि पाच रुपयांची बिस्किटे. हा चहा जेवणाच्या जोडीला प्यायला की भाकरीतले लोहही नीट अंगी लागू देत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतली शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने ठेंगणी निघाली, आणि एकोणसत्तरांच्या आसपास रक्तक्षयी. हे आकडे दुष्काळी १९७२ सालचे नव्हेत, जेव्हा आम्ही सुकडी खाऊन दिवस काढले. हे दुधाच्या महापुरानंतरचे आकडे आहेत!

याचा अर्थ एकट्या दुधाने सारे साधेल असे मी म्हणत नाही. साताऱ्याकडच्या बुध गावचे आपले पां. वा. सुखात्मे यांनी, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहताना, जगाला ठणकावून सांगितले की गरिबाच्या पोराला उणीव भासते ती मुख्यतः पोटभर अन्नाची. पोट भरले की प्रथिनांची बरीचशी तूट आपोआप भरून निघते. तेव्हा आधी भाकरी-वरण, मग दूध, हा क्रम मला मान्य आहे. पण ज्या घरात गाय आहे तिथेही पोराला पेला मिळत नसेल, तर तिथे कमतरता दुधाची नाही, विचाराची आहे.

"बोलायला काय जातं, डाक्टरसाहेब?" असे आमचा शेतकरी म्हणेल, आणि त्याला तो अधिकार आहे. गाईच्या दुधाचा भाव इतका पडला की २०२४ च्या जानेवारीपासून सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान द्यावे लागले. पेंड महाग, कडबा महाग, आणि आठवड्याच्या त्या पगारावरच किराणा, शाळेची फी, सुनेचे औषधपाणी चालते. खरे आहे. म्हणून हिशेबच मांडू. गाय दिवसाला आठ लिटर देते असे धरा. घरात दोन पोरे. दोघांना पाव-पाव लिटर म्हणजे अर्धा लिटर. आठातला अर्धा, म्हणजे सोळावा हिस्सा. जुन्या माणसांना हा हिशेब चटकन कळेल: रुपयातला एक आणा. तीस रुपये भावाने दिवसाचे पंधरा रुपये. ही रक्कम लहान नाही. महिन्याला साडेचारशे होतात. पण त्यातले दहा रुपये बिस्किटांच्या दोन पुड्यांत आजच जात आहेत, आणि वर्षातून दोनदा जी रक्कम माझ्यासारख्याच्या टेबलावर ठेवावी लागते ती वेगळीच. पंधरा आणे डेअरीला घाला, माझे काही म्हणणे नाही. एक आणा लेकराचा. तो शेवटी उरला तर द्यावयाचा नव्हे, कॅनचे झाकण लावण्यापूर्वी काढून ठेवावयाचा.

आणि ज्या घरात गायच नाही? तिथे शाळेने उभे राहिले पाहिजे. इथे नियतीची थट्टा पाहा. शेजारच्या कर्नाटकात, कन्नड बोलणाऱ्यांच्या मुलुखात, २०१३ च्या ऑगस्टपासून सरकारी शाळांतल्या मुलांना 'क्षीरभाग्य' योजनेत दीडशे मिलिलिटर दूध मिळू लागले. आणि ज्या गावाचे नावच कन्नड त्या आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून दुधाचा रोजचा पेला असा नेम नाही! आपल्या सरकारने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, देण्याचे ठरविले. २०२५ च्या जानेवारीत त्याचा वेगळा निधी थांबविला. विदर्भ-मराठवाड्यासाठी दुग्धविकासाचा मोठा प्रकल्प चालू आहे, चांगली गोष्ट. पण त्या प्रकल्पाला माझी एकच विचारणा आहे: या तालुक्यातून जाणाऱ्या टँकरातला एक आणा याच तालुक्यातल्या शाळेत का उतरू नये? न सोसणाऱ्याला ताक द्या, नको त्याला अंडे द्या, केळे द्या; पण द्या. शेतकऱ्याला दाराशी गिऱ्हाईक मिळेल आणि गुरुजींना वर्गात जागी मुले मिळतील.

आजी त्यानंतर कित्येकदा येऊन गेल्या. धाकटा आता भात-वरण, बाजरीची भाकरी, भाजी खातो, दुधाचा एकच पेला पितो, आणि चांगला लालबुंद झाला आहे. गेल्या खेपेला मी मोठ्याविषयी विचारले. आजी थोड्या ओशाळल्या, मग म्हणाल्या, "आता त्याचा प्याला आदी काढून ठिवते. सून म्हनती, फॅट तर तेवडीच लागती, आपन उगंच भीत होतो." पोरगा मधेच म्हणाला, "मी साय बी खातो!"

यंदाच्या वसुबारसेला गाईच्या पायांवर पाणी घालाल, तिच्या कपाळी कुंकू लावाल, वासराच्या पाठीवरून हात फिरवाल. अवश्य करा, मीही करणार आहे. पण 'आजचं दूध वासराचं' हे माझ्या आईचे वाक्य त्या एका संध्याकाळपुरते ठेवू नका. ज्याचा हक्क पहिला त्याचा पेला पहिला, हा त्या सणाचा कायदा आहे. आपण तो वासराला वर्षातून एक दिवस लावतो. लेकराला तो तीनशे पासष्ट दिवस लावावयास हवा. आणि त्यासाठी दुधाला देव्हाऱ्यात बसविण्याची गरज नाही, पेल्यात ओतले की पुरे.